माकडाचा वाटा

वन्सं,

तुम्ही गेलात आणि मला हायसं वाटलं. दिवसकार्याला आलेल्या कुणापाशी हे बोलायची सोय नव्हती. बायका जवळ येऊन बसायच्या, डोळ्याला पदर लावायच्या, "लई जीव होता तुमचा दोघींचा" म्हणायच्या आणि मी मान हलवायची. जीव होताच. पण तुमच्या जाण्याचं दुःख झालं त्याहून सुटका जास्त वाटली, आणि ती का वाटली हे ऐकून न रागावणारं माणूस घरात आता उरलेलं नाही. म्हणून तुम्हालाच सांगते.

याची एक प्रत माझ्या नातवंडांना, अंजू आणि शेखरला जाईल. समुद्रापलीकडे वाढणाऱ्या त्या दोघांना आत्याआजी आठवते ती सुट्टीत आंब्याच्या कोया भाजून देणारी. तुमच्यामाझ्यातलं भांडण त्यांना माहीत नाही. त्यांच्यासाठी काही गोष्टी मला सुट्या करून सांगाव्या लागतील. तेवढ्यापुरतं माझं शिकवणं तुम्ही पुन्हा एकदा सहन करा. सवय आहेच तुम्हाला.

तर मुलांना एवढं कळायला हवं, की तुम्ही यांच्या थोरल्या बहीण. वेल्ह्याच्या पलीकडे, तोरण्याच्या सावलीतल्या गावी तुम्हाला दिलं होतं. यजमान लवकर गेले तरी तुम्ही माहेरी भोरला परतला नाहीत. सासरची भातखाचरं स्वतः सांभाळलीत. मी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकलेली, इंटर सायन्स झालेली, लग्नानंतर भोरच्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवणारी. आपलं जमण्यासारखं काहीच नव्हतं. मी नवी नवरी म्हणून तुमच्याकडे आले त्या पावसाळ्यात तुम्ही मला खाचरात तण काढायला उतरवलंत. मी मोठ्या टापटिपीनं एक सबंध कोपरा स्वच्छ केला. तुम्ही बांधावर येऊन बघितलंत आणि मटकन खाली बसलात.

"अगं कमळ, भात उपटलंस की! तण ठेवलंस!"

"दोन्ही सारखीच दिसतात, वन्सं."

"सारखी दिसत्यात म्हणून तर डोळं दिल्यात देवानं!"

त्या दिवशी मी उपटायचं सोडलेलं ते तण म्हणजे भाताचाच रानटी भाऊ होता. पुढे वर्गात शिकवताना मला त्याचा अर्थ लागला. बायका वर्षानुवर्षं खाचरातून वेगळं दिसेल ते उपटत आल्या. भातासारखं दिसणारं तेवढं वाचलं, त्याचं बी पडलं, पुढच्या वर्षी ते आणखी भातासारखं झालं. हे कुणी ठरवून केलं नाही. बायकांच्या बोटांतून ते आपोआप घडत गेलं. ही माझी आवडती गोष्ट होती आणि तुम्हाला ती मुळीच आवडायची नाही. "म्हंजे फसवायचं आमीच शिकवलं व्हय तणाला?" असं तुम्ही एकदा म्हणालात. मी हो म्हटलं. तुम्ही माझा चहा करायचं विसरलात, मुद्दाम.

पण आपलं खरं भांडण खाचरातल्या तणावरून नव्हतं. ते तळ्यातल्या देवभातावरून होतं.

देवभात म्हणजे काय हे मुलांना सांगते. तुमच्या गावाबाहेर गुरं धुवायचं तळं आहे. त्याच्या काठच्या चिखलात हे भात आपलं आपण उगवतं. त्याला कुणी पेरत नाही, नांगर लागत नाही. दाणा बारीक, लालसर, आणि त्याला बोटभर लांब कुसळ. ऋषीपंचमीच्या उपासाला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं, म्हणून त्या दिवशी बायका हा भात रांधतात. तो मिळवणं सोपं नाही, कारण देवभात पिकलं की गळतं. वारा आला, पक्षी बसला, तुमचा पदर लागला की दाणे चिखलात. म्हणून कार्तिकात पहाट फुटताना, लोंब्यांवर दव असताना जायचं. ओलसर असताना दाणे जरा धीर धरतात. तुम्ही लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उतरायचात, लोंब्यांखाली सूप धरायचात आणि दुसऱ्या हातानं अगदी हलकेच थोपटायचात, निजलेल्या पोराला थोपटावं तसं. मिळालेलं भात वाळवून गाडग्यात घालायचं ते पुढच्या भाद्रपदापर्यंत.

शेतातलं भात असं गळत नाही. आपला आंबेमोहर पिकून पिवळा झाला तरी लोंबीला धरून राहतो. कापायचा, खळ्यावर आणायचा, झोडपायचा, तेव्हा कुठे सुटतो. रानात हा गुण घातक. दाणा गळलाच नाही तर उगवणार कसा? मग तो आला कुठून? पहिल्यांदा ज्या बायकांनी रानातलं भात गोळा करून घरी आणलं असेल, त्यांच्या टोपलीत काय आलं? गळून गेलेलं चिखलात राहिलं. धरून राहिलेले दाणे तेवढे घरी आले. त्यातलेच पुढे पेरले गेले. असं पिढ्यान् पिढ्या. न गळणारं भात माणसानं निर्माण केलं नाही, नकळत निवडलं. एका गवतातून दुसरं गवत झालं, आणि पहिलं अजून शेजारच्या तळ्यात उभं आहे, ज्याला बघायचं त्यानं बघावं. सगळी सजीव सृष्टी अशीच एकातून एक उलगडत आली, या म्हणण्याला याहून जवळचा पुरावा भोर-वेल्ह्यात कुठे मिळाला असता मला?

म्हणून दर कार्तिकात मी एसटीनं तुमच्याकडे यायची. तुमच्याबरोबर तळ्यात उतरायची आणि परत निघताना मूठभर देवभात शाळेसाठी मागायची. पहिल्या वर्षी तुम्ही विचारलंत, "तू तर उपास करत न्हाईस. मग कशाला पायजे?" मी सांगितलं, उत्क्रांती शिकवायला. माणूस आणि माकड एका पूर्वजाची लेकरं आहेत तेही त्याच धड्यात असतं, हेही मी प्रामाणिकपणानं सांगितलं. तेवढं सांगितलं नसतं तरी चाललं असतं. तुम्ही गाडग्यात हात घातलात, मूठ काढलीत आणि माझ्या पदरात टाकलीत.

"घे. माकडाचा वाटा."

तेव्हापासून त्याचं नावच ते पडलं. दर वर्षी देवाचं भात गाडग्यात आणि माकडाचा वाटा माझ्या पदरात. मी घरी येऊन तो कडुनिंबाचा पाला घालून एका लहान बाटलीत भरायची आणि बाटलीवर वर्ष लिहायची. काही लोंब्या अख्ख्या सापडल्या तर त्या वर्गासाठी कागदात जपून ठेवायची. फडताळात बाटल्यांची रांग होत गेली. तुम्ही भोरला आलात की त्या रांगेकडे बघून हसायचात. "एवढं खाऊन पण तुझं माकड वाढंना."

एकदा तुम्ही डोळे दाखवायला भोरला आला होतात. घर बंद, म्हणून माझ्याबरोबर शाळेत आलात आणि मागच्या बाकावर बसलात. नेमका तोच धडा होता. मी दोन्ही लोंब्या मुलींपुढे धरल्या. आंबेमोहराची झटकली, काही झालं नाही. देवभाताची झटकली, दाणे टेबलभर उडाले. मागून तुमचा आवाज आला.

"अगं सांडलंस की समदं! दव पडल्याबिगर हात लावू नये त्याला, कितींदा सांगितलं!"

सगळा वर्ग हसला. पहिल्या बाकावरच्या एका धीट मुलीनं उठून तुम्हालाच विचारलं, "आजी, माणूस खरंच माकडाच्या नात्यातला का हो?"

तुम्ही थोडा विचार केलात. "समद्यांचं म्हाईत न्हाई बाई. पर तुमच्या ह्या बाईंच्या मालकाला लहानपणी झाडावनं उतरवाय मीच जायची. त्याच्याबद्दल म्या शपथ घ्यायची न्हाई."

तो धडा त्या मुली जन्मभर विसरणार नाहीत. माझ्यामुळे नव्हे.

वर्गात तुम्ही माझी बाजू राखलीत, घरी मात्र एक पाऊल मागे घेतलं नाहीत. मी तुम्हाला पुस्तकातलं चित्र दाखवलं होतं. वटवाघळाचा पंख, बैलाचा पुढचा पाय, माणसाचा हात, तिन्हींत हाडं त्याच क्रमानं, कुठे लांबलेली, कुठे जुळून गेलेली. तुम्ही चित्र नीट बघितलंत आणि म्हणालात, "मग? कुंभार काय हरेक मडक्याला नवं चाक आनतो व्हय? देवाला एकच साचा पसंत पडला आसंल." हे उत्तर चांगलं होतं. मी ते मान्य केलं आणि मग अजगर काढला. अजगराच्या शेपटीच्या मुळाशी दोन बाजूंना नखासारखे दोन काटे असतात, आणि आत हाडाचे छोटे तुकडे. ते त्याच्या पूर्वजांच्या मागच्या पायांचं उरलेलं आहे. तुमच्या गावी एकदा अजगर निघाला तेव्हा तुम्ही ते काटे स्वतः पाहिले होते. कुंभार मडक्याला नसत्या पायांचे खुंट कशाला ठेवील, वन्सं?

 दुसऱ्या दिवशी दुपारी तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणालात, "इसरला आसंल."

"कोण?"

"देव. काढायचं राहून गेलं आसंल. कामं काय थोडी हायती त्याला."

आपण दोघी इतक्या हसलो की तांदळाचं सूप कलंडलं.

ही सगळी हसण्यावारी नेण्याची भांडणं. एक भांडण मात्र हसून संपणारं नव्हतं, आणि मुलांना सांगायचं ते मुख्य तेच आहे.

तुम्ही तो उपास एवढ्या निष्ठेनं का करता हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तुमची मुलगी, बाळी, अंगावर पीत होती तेव्हाच गेली. तिच्या आजाराच्या आधी कावळा शिवलेला असताना तुमचा हात पाण्याच्या हंड्याला लागला होता, असं तुमच्या सासूबाई म्हणाल्या. त्या दोषानं पोर गेली, असंही म्हणाल्या. ऋषीपंचमीचा उपास अशाच दोषाच्या निवारणाला असतो, म्हणून तुम्ही तो धरलात आणि कधी सोडला नाहीत. तापात, लावणीच्या धांदलीत, यजमान गेले त्या वर्षीसुद्धा.

मी तुम्हाला सांगायची, वन्सं, बाळी तापानं गेली. त्या पावसाळ्यात तुमच्या गावात आणखी पोरं तापानं गेली होती. त्यांच्या सगळ्यांच्या आयांनी काय हंड्याला हात लावला होता? बाईच्या शरीरात महिन्याला जे होतं त्यात दोष नाही. ते नसतं तर तुम्ही, मी, कुणीच नसतो. मी हे शांतपणानं सांगितलं, रागानं सांगितलं, चित्र काढून सांगितलं. तुमचं उत्तर एकच.

"तुला काय म्हाईत. तुझं पोर न्हाई गेलं."

 भाताच्या दाण्याचा इतिहास मी तुम्हाला पटवू शकत होते, निदान अर्धा. पण तुमच्या मनातला तो हंडा मला कधी हलवता आला नाही.

मग दुष्काळ आला. त्या वर्षी श्रावणानंतर पाऊस गेला तो गेलाच. तळ्यात चिखल राहिला, लोंब्या भरायच्या आधीच वाळल्या. काठाला जी हिरवी पानं उरली ती गावानं म्हशींना सोडून दिली. गुरं जगवायची होती. तुम्हीच म्हणालात, "खाऊ दे. मुक्या जिवाचा वाटा पयला." त्या कार्तिकात आपण तळ्यावर गेलोच नाही. तुमचं गाडगं रिकामं राहिलं.

आणि पुढच्याच उन्हाळ्यात तुम्ही अंथरुणाला खिळलात. पोटात गाठ होती. यांनी तुम्हाला भोरला आणलं, पुण्याला न्यायची तयारी केली. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वय बघता कापाकापी नको, घरी सांभाळा. तुम्ही एसटीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून परत आलात आणि वाटेत म्हणालात, "बरं झालं. शिवापूरच्या फुडं मला गमतच न्हाई."

दिवस जात राहिले. तुम्ही पेज घ्यायचात, तीही निम्मी. वेदना वाढल्या. पावसाळा चांगला लागला होता, पण तुमच्या अंगात तो बघायला उठण्याएवढं बळ नव्हतं. एक दिवस मी तुमचे केस विंचरत होते.

"कमळ, माझं तुझ्या आंबेमोहरासारखं झालंय बघ. पिकले, पर गळंना. आता खळ्यावर नेऊन झोडपाय पायजे कुनीतरी."

"असं बोलू नका, वन्सं."

"का? तूच शिकवलंस. माणसानं धरून ऱ्हायचं शिकवलं भाताला. मला बी त्योच गुन लागला."

मग हळूच म्हणालात, "पंचमी हुईस्तोवर सुटका न्हाई माझी. आन पंचमीला भात न्हाई. म्या काय घेऊन जाऊ तिच्याकडं?"

तिच्याकडं म्हणजे बाळीकडं. तेव्हा मला समजलं की तुम्ही कशाला अडकून राहिला आहात. पुऱ्या जन्माचं व्रत शेवटच्या वर्षी मोडणार होतं, आणि ते मोडलं तर तुमच्या लेखी त्या पोरीचं देणं तसंच राहणार होतं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी वेदना थोडी कमी व्हायची. या दुखण्यावर त्यांच्याकडे काही नव्हतं.

देवभात विकत मिळतो का म्हणून यांनी भोरच्या बाजारात विचारलं. दुष्काळाचा फेरा सगळीकडेच. मग फडताळातल्या बाटल्यांकडे माझं लक्ष गेलं. खरं तर रोज दिसत होत्या. पण त्या पुरावा म्हणून ठेवलेल्या होत्या, अन्न म्हणून नव्हे, म्हणून माझं डोकं तिकडे गेलंच नाही. मी सगळ्या उतरवल्या आणि तुमच्या अंथरुणाजवळ मांडल्या.

"हे काय?"

"माकडाचा वाटा. सगळा जमवला तर एक वाटी तांदूळ निघेल."

तुम्ही जवळच्या बाटलीवरून बोट फिरवलंत. मग तुमच्यातली वकील जागी झाली. "बैलाचं काई लागलं न्हाई ना ह्याला?"

"एसटीनं आणलाय, वन्सं. एसटीला बैल नसतो."

"उष्टा तर न्हाई झाला? माकडानं तोंड लावलं आसंल."

"अजून माकड तिथवर पोचलं नाही."

"मग चालंल," तुम्ही म्हणालात, आणि त्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा तुमच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

माझ्यासारख्या बाईला ते सोपं नव्हतं. एकेक बूच काढून मी सगळी वर्षं एकाच परातीत ओतली. कुठल्या सालचा दाणा कुठला ते आता कधीच सांगता येणार नव्हतं. मला वाटलं होतं वाईट वाटेल. हात मोकळे झाल्यासारखे वाटले. उखळ नको म्हणालात, म्हणून मी पाट्यावर हलक्या हातानं भात भरडलं, कुसळं पाखडली. तुम्ही पडल्या पडल्या आवाजावरून सांगत होतात, "हळू. मोडतोय दाना." आणि मी निम्मं भरडलं तेव्हा म्हणालात, "थांब. समदं रांधू नगं."

"का?"

"माकडाचा वाटा ठेव की. पोरींस्नी काय दावशील?"

तुमच्यापुढे रडायचं नाही असं मी ठरवलं होतं. ते तिथे मोडलं. मूठभर भात मी परत एका बाटलीत घातलं.

ऋषीपंचमीला अंगणातल्या अळूची भाजी आणि लालसर देवभात तुमच्यापुढे ठेवला. मी भरवला. तुम्ही चार घास खाल्लेत आणि डोळे मिटून बसलात.

"फिटलं," म्हणालात.

 माझ्या मते फेडण्यासारखं कधीच काही नव्हतं. पण त्या क्षणी हे बोलायची माझी हिंमत नव्हती आणि इच्छाही नव्हती. तुम्हीच डोळे उघडून माझ्याकडे बघितलंत.

"कमळ, तू म्हनायचीस ना, बाळी तापानं गेली."

"हो."

"तापानंच गेली आसंल."

मी ताटली खाली ठेवली.

"आदी कसं मानू? मानलं आस्तं तर लोक म्हनलं आस्तं, देनं चुकवतीया. आता फिटलं. आता खरं मानाय काय जातंय?"

वन्सं, मी जन्मभर मुलींना सांगत आले की पुरावा समोर ठेवला की माणूस मानतो. तुम्ही मला दाखवलंत की माणसाला आधी मोकळं व्हावं लागतं, मग त्याला पुरावा दिसतो. त्या भातानं दोन्ही कामं केली. मला हायसं वाटायला सुरुवात झाली ती त्या दुपारी.

त्यानंतर तुम्ही अगदी वेगळ्याच झालात. वेदना होत्याच, पण धरून ठेवलेलं काही उरलं नव्हतं. दुपारी मला बोलवून काहीबाही विचारायचात. एकदा विचारलंत, "तुझं ते एकातनं एक व्हायचं, ते अजून चालू हाय का उरकलं?"

"चालूच आहे. थांबलेलं नाही."

"म्हंजे माणूस पन शेवटचा न्हाई?"

"नाही, वन्सं. शेवटचं असं काही नाही."

तुम्ही समाधानानं मान हलवलीत. "मग देव अजून कामावर हाय म्हन की."

हे तुमच्या बाजूचं झालं की माझ्या, यावर मी अजून विचार करते आहे. तुम्ही उत्तराची वाट बघितली नाहीत. कुशीवर वळलात आणि झोपलात. आपलं भांडण तिथेच राहिलं, आणि ते तसं राहिलं याचं मला बरं वाटतं.

आश्विनातली ती सकाळ. तुम्हाला ओसरीवर उन्हात बसायचं होतं. यांनी आणि मी तुम्हाला उचलून लोडाला टेकवून बसवलं. अंगणातल्या गवतावर दव होतं. ऊन वर येईल तसं ते उडत होतं. तुम्ही त्याच्याकडे बघत होतात. "चहा आणते," म्हणून मी आत गेले. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा गवत कोरडं झालं होतं आणि तुम्ही गेला होतात. कुणी हात लावला नव्हता. कशानं झोडपलं नव्हतं. तुमचा चेहरा बघून मला कळलं की हा आंबेमोहराचा गुण नव्हे. कपबशी खाली ठेवली आणि मी म्हटलं, सुटलात.

परवा कार्तिकातली पहिली थंडी पडली, तेव्हा ती मूठभर भाताची बाटली घेऊन मी वेल्ह्याच्या एसटीत बसले. तळं वर्षभर उजाड होतं. म्हशींनी खाल्लं, चिखल भेगाळला, तिथलं देवभात संपलं असणार असं मी धरून चालले होते. माझ्याजवळची मूठ हीच काय ती शेवटची. ती चिखलात टाकायची, म्हणजे तुमच्यामागं तळं रिकामं राहायला नको. यांनी विचारलं, "शाळेचं काय?" मी म्हटलं, "शाळा तळ्यावर नेईन."

गावात मुक्काम केला आणि पहाट फुटताना तळ्यावर गेले. काठाला उभी राहिले आणि हसू आलं. सगळा काठ देवभातानं भरलेला, कुसळांवर दव, लोंब्या वाकलेल्या. कुणी पेरलं नव्हतं. मी शिकवते ते मीच विसरले होते. शेतातला दाणा पाणी लागलं की सगळा एकदम उगवतो. रानातला दाणा तसा नसतो. काही उगवतात, काही चिखलात वर्ष वर्ष झोपून राहतात, वाईट वर्षं सरेपर्यंत. तुम्ही आणि मी ज्याची एवढी काळजी केली ते भात आपल्या जिवावर नव्हतंच. बाटली मी पिशवीतच राहू दिली.

लुगडं खोचून मी पाण्यात उतरले. पाणी गार होतं. तुम्ही शिकवलंत तसं लोंब्यांखाली सूप धरलं आणि हलकेच थोपटलं. थोडं जमवलं. ऊन आलं, दव गेलं, आणि मग सुपाबाहेरच्या लोंब्या वाऱ्यानंच गळायला लागल्या. दाणे पाण्यावर पडत होते, थोडा वेळ तरंगत होते आणि बुडत होते.

त्यातला एकही मी वेचला नाही. म्हटलं, वन्सं, तो तुमचा वाटा. माकडाचा सुपात आहे.